टेंबेजींची पोचपावती

टेंबेजींनी केलेला नमस्कार चुकवणं इंदूरच्या तुकोगंजात कुणालाच जमलं नाही. समजा, तुम्ही रस्त्याच्या पलीकडून चालला आहात, तुमचं लक्ष नाही आणि टेंबेजींनी अलीकडून हात जोडले. दुसरा कुणी असता तर हात सोडून पुढे गेला असता. टेंबेजी रस्ता ओलांडत. टेम्पो, सायकली, गाय, सगळ्यांना हातानं थांबवत तुमच्यापर्यंत येत आणि म्हणत, "मघाशी तिकडून नमस्कार केला होता. पोचला नाही वाटतं." मग तिथंच उभं राहून तो पुन्हा करत. तुम्ही उलट नमस्कार केलात की समाधानानं मान हलवत, आणि पुन्हा टेम्पो, सायकली, गाय थांबवत परत जात.

"पोचलं का?" हा त्यांचा ध्यास होता. फोन उचलला की हॅलो नाही, थेट "पोचलं का?" पोस्टाच्या पेटीत पत्र टाकलं की वरून थापा मारायच्या, म्हणजे ते नीट तळाशी पडतं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, देवासला बहिणीकडे निघाल्या की बस अजून इंदूरच्या हद्दीत असतानाच यांचा मेहुणीला फोन, "पोचली का?" ऑफिसातला चहावाला कप ठेवून वळला की घोट घेऊन हे मागून ओरडत, "पोचला भिया!" आणि तोही बिचारा न चुकता "मेहरबानी" म्हणे.

मी मूळची जळगावची. नवऱ्याची नोकरी इंदूरला म्हणून मी इंदूरला, आणि कॉम्प्युटरचा कोर्स पदरात होता म्हणून सोयाबीनचं तेल काढणाऱ्या एका कंपनीत प्रोग्रॅमर. त्या वेळी इंदूरच्या कापडगिरण्यांचे भोंगे एकामागून एक गप्प झाले होते आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. गिरणीतून सुटलेली माणसं मिळेल तिथं चिकटत होती. टेंबेजी असेच आमच्याकडे आलेले. त्यांचा जन्म गिरणीच्या टाइम ऑफिसात गेला, वडिलांचाही तिथंच. गिरणी बंद झाल्यावरही ते कितीतरी दिवस डबा घेऊन गेटपर्यंत जात आणि तिथल्या गुमटीवर, म्हणजे टपरीवर, चहा पिऊन परत येत. "खुलेगी भिया," म्हणत, "मशीनं अजून गरम असतील."

आमच्याकडे त्यांचं काम एकच. कारखाना सांवेर रोडला, ऑफिस तुकोगंजात. कारखान्याच्या फाटकात धर्मकांटा, म्हणजे अख्खी ट्रॉली एकदम तोलायचा काटा. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये वजनं येत, आणि ती फोनवरून कळली की टेंबेजी आमच्या कॉम्प्युटरमध्ये पुन्हा टाइप करत. मला ते "अहो बेटा" म्हणायचे. 'अहो'त मान, 'बेटा'त माया. दोन्ही पोचतं, असा हिशोब.

खाण्याच्या बाबतीत माणूस पक्का इंदुरी. पोह्यांवर शेव नसेल तर प्लेट परत. कचोरी, साबूदाण्याची खिचडी, मक्याचा कीस, काही वर्ज्य नाही. फक्त हिवाळ्यात सगळं शहर गरमागरम तळलेल्या गराडूवर, म्हणजे त्या कंदाच्या फोडींवर, तुटून पडायचं तेव्हा टेंबेजी तोंड फिरवत. "गराडू नको. घसा धरतो." इंदूरमध्ये राहून गराडू न खाणारा मराठी माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्या घशाचं कारण मला काकूंनी सांगितलं. धर्मकांट्यावर बसणारे गेंदालालजी हे टेंबेजींचे गिरणीतले जिवलग. ते फोल्डिंग खात्यात, हे टाइम ऑफिसात, पण जेवणाचा डबा कायम एकत्र. गेंदालालजींचं घर सांवेरकडच्या गावात. दर हिवाळ्यात शेतातले गराडू पोतं भरून टेंबेजींकडे यायचे. गिरणी बंद झाली आणि गेंदालालजींनी या कंपनीत नोकरी शोधली. स्वतःपुरती नाही. गुमटीवर येऊन म्हणाले, "बाबू, दो जगह है। एक तुमारे लिए बोल के आया हूँ।" टेंबेजींच्या डोक्यात तेव्हा गिरणी अजून चालू होती. त्यांनी चारचौघांत, भरल्या गुमटीवर, त्या माणसाला 'गद्दार' म्हटलं. गेंदालालजी चहा अर्धा टाकून निघून गेले. पुढे हेही झक मारत त्याच कंपनीत आले, पण बोलचाल बंद ती बंदच.

"माफी मागा म्हणून सांगून माझी जीभ झिजली," काकू म्हणाल्या. "तर म्हणतात, कोणत्या तोंडानं मागू? आणि मागितली नि त्यानं ऐकून घेतली नाही तर?"

जो माणूस नमस्कार परत पोचवायला रस्ता ओलांडतो, त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला जाता येत नव्हतं. मी एकदा हळूच विषय काढला, तर टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत म्हणाले, "गाली एका झटक्यात पोचते, बेटा. तिला पोचपावती लागत नाही."

आता या अबोल्याचा ऑफिसला काय त्रास, असं तुम्हाला वाटेल. रोज संध्याकाळी कारखान्यातून फोन यायचा. तिकडे आकडे गेंदालालजींकडे, इकडे पेन टेंबेजींकडे. पण एकमेकांशी बोलायचं नाही! मग गेंदालालजी आकडा चौकीदाराला सांगत, चौकीदार मला फोनवर, आणि मी शेजारी बसलेल्या टेंबेजींना. एका वजनाला चार तोंडं. एके दिवशी या प्रवासात एक अख्खी ट्रॉली गळाली. ट्रॉलीचा मालक सकाळी ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला, त्याच्याबरोबर त्याचे भाऊबंद, आणि त्यांच्या आवाजानं छोटे सेठ खाली आले.

छोटे सेठ नव्या जमान्याचे. 'सिस्टिम' हा शब्द तोंडात सुपारीसारखा घोळवायचे. "दो कंप्यूटर हैं, दो पढ़े-लिखे आदमी हैं, और ट्रॉली गायब! मॅडम, सोयाबीनचा सीझन तोंडावर आहे. तोपर्यंत कांटेवाला कंप्यूटर अपने आप इधर बोलना चाहिए. नहीं तो कांटा ठेकेदाराला देऊन टाकतो. त्याचा आदमी, त्याची जवाबदारी."

म्हणजे गेंदालालजी घरी. सगळ्यांना कळलं. टेंबेजींनी खुर्ची सरकवली आणि मोठ्यानं म्हणाले, "जाऊ दे. अपने को क्या." संध्याकाळी मी निघाले तर जिन्यात उभे. चेहरा गिरणी बंद झाल्याच्या दिवशी असेल तसा.

"अहो बेटा, ते ईमेल असतं, त्यातून पत्र जातं ना?"

"जातं की."

"मग माणसानंच लिहायला हवं असं आहे का? एका मशीननं लिहिलं, दुसऱ्यानं वाचलं, तर?" आणि त्यांनी मला गिरणीतली गोष्ट सांगितली. विणकाम खात्याचा मास्तर आणि रंगखात्याचा मास्तर यांचं हाडवैर होतं. पण कापड एक दिवस अडलं नाही. कारण टाइम ऑफिसातून टेंबेजी दोघांच्या नावानं चिठ्ठ्या लिहून एकमेकांना धाडत. "बोलचाल नसली तरी पत्रव्यवहार ठेवता येतो. एक बार गेट बंद होताना पाहिलंय, बेटा. दुबारा नको."

कल्पना वेडगळ नव्हती. काट्याचा प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला होता ती मंडळी दुकान बंद करून परागंदा झालेली, त्यामुळे त्याच्या पोटात हात घालता येत नव्हता. त्याला फक्त छापता यायचं. मी ते छापणं कागदाऐवजी एका फाइलीत वळवलं. तिकडे बसवलेल्या माझ्या छोट्या प्रोग्रॅमनं ती फाइल मजकूर म्हणून ईमेलमध्ये घालायची, संध्याकाळी टेलिफोन लावून ईमेल सोडायचं, आणि इकडे माझ्या प्रोग्रॅमनं ते उघडून वजनं आपापल्या जागी बसवायची. मधे माणूस नाही, चौकीदार नाही, मीही नाही. मी खुशीत आराखडा टेंबेजींपुढे ठेवला.

त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढला. "यात 'सा. न. वि. वि.' कुठाय?"

"ते कशाला?"

"साष्टांग नमस्कार विनंती विशेष! पत्राची सुरुवात अशी होते. आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा'. हे तर डायरेक्ट वजनच सुरू! मागे लागलेल्या सावकारासारखं."

"टेंबेजी, वाचणारं मशीन आहे. त्याला नमस्काराचं काय?"

"आज मशीन आहे. सवय बिघडायला किती वेळ लागतो?"

मी ऐकलं नाही. सुरुवातीला नुसते आकडेच पाठवले, आणि दोनच संध्याकाळींत माझी जिरली. एक म्हणजे आमच्या पेटीत परदेशी सद्गृहस्थांची पत्रंही यायची, ज्यांना त्यांची इस्टेट आम्हालाच द्यायची होती. माझ्या प्रोग्रॅमनं त्यातल्या एकाची इस्टेट सोयाबीन म्हणून जमा करायचा प्रयत्न केला. दुसरं म्हणजे टेलिफोनची लाइन. ती मधेच कटायची, अर्धंच पत्र यायचं, आणि माझा प्रोग्रॅम तेवढ्यालाच पूर्ण समजून शांत बसायचा. शेपटाकडच्या ट्रॉल्या पुन्हा गायब. पत्र आपलंच आहे हे कशावरून ओळखायचं, आणि ते संपलं हे कशावरून?

मी डोकं धरून बसले होते. टेंबेजी समोर पोहे खात होते. ते गालातल्या गालात हसले, आणि मला उत्तर दिसलं. ज्या पत्राच्या माथ्यावर 'सा. न. वि. वि.' नाही ते आपलं नव्हे. ज्याच्या शेवटी 'लोभ असावा' नाही ते अपुरं. परत पाठवा, पुन्हा मागवा. परदेशी सद्गृहस्थाला कितीही इस्टेट असली तरी साष्टांग नमस्कार कुठून सुचणार? अक्कल माझी होती, हे मी आजही ठणकावून सांगते. पण हट्ट त्यांचा.

मग त्यांचा हट्ट वाढतच गेला. "वजनं आली की इकडून पोचपावती गेली पाहिजे." ठीक, ती तर हवीच होती. "पावती तिकडच्या पडद्यावर दिसली पाहिजे. मोठ्या अक्षरांत." बरं. "वाचून एंटर दाबल्याशिवाय पुढचं कामच होता कामा नये." हे जरा अतीच, पण केलं. "आणि पावतीत खाली एक ओळ शेऱ्यासाठी रिकामी." हेही केलं. कुणीतरी एकदा त्यांचं समाधान करायला हवंच होतं.

सीझनचा पहिला दिवस उजाडला. सांवेर रोडवर ट्रॅक्टरांची रांग लागलेली. संध्याकाळी छोटे सेठ माझ्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे. मोडेमनं कुरकुर केली, किंकाळी फोडली, पत्र यायला लागलं आणि लाइन कटली. छोटे सेठ म्हणाले, "हो गया सिस्टिम." पडद्यावर माझ्या प्रोग्रॅमची ओळ उमटली: पत्र अपुरं आहे, लोभ दिसत नाही, पुन्हा पाठवावे. पुन्हा किंकाळी, पुन्हा कट. टेंबेजी माझ्या टेबलाची कड घट्ट धरून उभे होते, ओठ पुटपुटत होते. मग परत एकदा मोडेम ओरडलं, आणि वजनं भराभर उतरू लागली, पावसासारखी, ट्रॉलीमागून ट्रॉली, आणि सगळ्यांत खाली ते दोन शब्द आले.

"पोचलं!" टेंबेजी ओरडले. एवढ्या मोठ्यानं की खालचा चहावाला न बोलावता वर आला. मी चौकीदाराला फोन करून फाटकातून शिरलेल्या ट्रॉल्या पडताळल्या. एकही कमी नाही. घोडं गंगेत न्हालं. छोट्या सेठनं स्वतःच्या हातानं सगळ्यांना जिलबी वाटली आणि जाहीर केलं, "कांटा अपना, आदमी अपना. ठेकेदार को मना कर दो." टेंबेजींनी जिलबी हातात तशीच धरली होती. पाक मनगटावरून ओघळत होता. "अहो बेटा, पावती गेली का? त्यानं एंटर दाबला का?"

"दाबला. त्याशिवाय तिकडचं मशीन पुढं जातच नाही."

तेव्हा कुठे त्यांनी जिलबी तोंडात घातली.

सीझनभर आमचे दोन प्रोग्रॅम असे अदबीनं वागले की नव्यानं जमलेल्या व्याह्यांनी लाजावं. रोज साष्टांग नमस्कार, रोज लोभ. छोटे सेठ पाहुण्यांना आणून दाखवत. आणि रोज टेंबेजी पावतीतली शेऱ्याची ओळ स्वतः टाइप करत, एका बोटानं. नमस्कार मराठीत, शेरा मात्र हिंदीत. 'धूल बहुत है, मुँह पे गमछा बाँधना.' मग दिवाळी झाली, थंडी पडली, तशी 'सुबह कांटा खोलते समय कान ढँकना.'

"कॉम्प्युटरनं कान झाकायचे?" मी एकदा विचारलं.

"मशीनालाही गारठा बाधतो."

"आणि हिंदी का?"

"सांवेर रोडचा कॉम्प्युटर आहे. त्याला मराठी कुठून येणार?"

इतकी काही मी दूधखुळी नव्हते. ते सगळं कुणासाठी चाललंय ते मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्यांनाही कळत होतं. पण तिकडून काहीच यायचं नाही. येणार कसं? तिकडून येणाऱ्या पत्रात मी शेऱ्याची जागाच ठेवली नव्हती. पावती पडद्यावर यायची, गेंदालालजी एंटर दाबायचे, दुसऱ्या दिवशी वजनं यायची. बस. हळूहळू टेंबेजींचा धीर सुटू लागला. "एंटर काय, मांजरपण दाबेल," एकदा म्हणाले, आणि त्या दिवशी चहावाल्याला "पोचला" म्हणायलाही विसरले. चहावाला दारात जरा थांबून निघून गेला.

गराडूच्या गाड्या रस्त्यावर लागल्या त्या आठवड्यातली गोष्ट. एका दुपारी ट्रॉल्या लवकर आटोपल्या आणि वजनं उन्हं असतानाच आली. माझ्या प्रोग्रॅमनं पत्र परत धाडलं: लोभ दिसत नाही. वाटलं, लाइन असेल. पुन्हा आलं, पुन्हा परत. लाइन तर स्वच्छ होती. इतक्या दिवसांत असं झालं नव्हतं, आणि छोटे सेठ वरच्या मजल्यावर पाहुण्यांबरोबर बसलेले. मी प्रोग्रॅम बाजूला ठेवून ते पत्र तसंच उघडलं. माथ्यावर 'सा. न. वि. वि.' होतं. वजनं बरोबर. शेवटी 'कळावे, लोभ असावा' हेही होतं.

पण ते शेवटी नव्हतं. त्याच्याखाली कुणीतरी आणखी लिहिलं होतं. फाइल जाण्याआधी उघडून, चाचपडत, एकेक अक्षर शोधून.

'टेंबे बाबू, घर का गराडू निकल्या है। इतवार को आवजो। भाभी साब को भी लावजो। पोंच्यो के नी, बताजो।'

मी खुर्चीतून उठले आणि टेंबेजींना तिथं बसवलं. त्यांनी वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग बोट पडद्यावर ठेवून, शिकणाऱ्या पोरासारखं, शब्दाशब्दावरून फिरवलं.

"पावती पाठवू?" मी विचारलं.

"पाठवा. लिहा, 'पोचलं'. बस, एवढंच."

"नुसतं 'पोचलं' नाही चालणार. माथ्यावर 'सा. न. वि. वि.' नसेल तर तिकडचं मशीन उघडणार नाही. तुम्हीच तसं करायला लावलंत."

ते हसले आणि खुंटीवरचा मफलर ओढला. "तर मग मीच जातो."

"अहो, इतवारला बोलावलंय! आज बुधवार!"

"गराडू इतवारला," ते जिन्यातून ओरडले. खाली त्यांची लूना फटफटली. खिडकीतून पाहिलं तर टेम्पो, सायकली, गाय, सगळ्यांना हातानं थांबवत ते चौकातून सांवेर रोडकडे वळत होते. रस्त्यात कुणीतरी त्यांना नमस्कार केला. तो त्यांना पोचला नाही.

मी ती जादा ओळ हातानं काढून वजनं जमा केली. मनात मात्र धाकधूक. टेंबेजींनी फाटकाशी जाऊन तोंड उघडलं नाही तर? तिकडून पाठ फिरवली तर? ऑफिस सुटायच्या सुमारास फोन वाजला. मागे ट्रॅक्टरची घरघर होती आणि कुणाचातरी खोल खरखरीत श्वास. इतक्या दिवसांत गेंदालालजींचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता, पण पलीकडे तेच आहेत हे कळलं, आणि हॅलोऐवजी माझ्या तोंडून निघालं,

"पोचले का?"

"पोंची गया, मैडम," तो आवाज म्हणाला. "कांटे पे बैठ के रो रिया है। माफी माँग रिया है, मैं सुन रिया हूँ। चाय पिला के भेजता हूँ।"

त्या रविवारी टेंबेजींनी इतके गराडू खाल्ले की सोमवारी त्यांचा घसा खरोखरच धरला होता. खुणेनंच चहावाल्याला "पोचला" म्हणाले. मी तेवढ्या वेळात प्रोग्रॅममध्ये एकच बदल केला. 'लोभ असावा'नंतर कुणी काही लिहिलं, तर ते पत्र परत पाठवायचं नाही.